नानखटाई आणि शॉर्टब्रेड: बटरचं काम तुपावर ढकलू नका

शॉर्टब्रेड, म्हणजे ते बटरचं स्कॉटिश बिस्किट, ही साहेबाची नानखटाई, असं नाताळच्या आधी दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. मग घरात बटर नाही पण तूप आहे म्हणून त्याच मापात तूप घालून चांदण्या आणि झाडं कापायला बसतात, आणि ओव्हनमधून असं काही बाहेर येतं की चांदणी कुठली न् झाड कुठलं ते कापणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग दोष ओव्हनला. ओव्हन बिचारा बरोबर असतो हो, आपणच दोन वेगळे पदार्थ एक धरून चाललेलो असतो.

गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा. दोन्हीत अंडं नाही, दोन्हीत मैदा, साखर आणि भरपूर स्निग्ध, दोन्ही तोंडात टाकलं की विरघळतात. आणि अंडं नाही ही आपल्याकडे फार सोयीची गोष्ट आहे, कारण आमच्या नाशकात शरणपूर रोड काय, नाशिकरोड काय, नाताळचं ताट शेजारीपाजारी जातंच, आणि केकमध्ये अंडं आहे का असं दारातच विचारणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. मराठी ख्रिस्ती घरात त्या ताटात करंजी, शंकरपाळे, चकली आधीपासूनच असते, एका कोपऱ्यात नानखटाई, आणि आता गेल्या काही वर्षांत मुलांच्या हट्टापायी आकार कापलेल्या शॉर्टब्रेड कुकीज. तर एकाच ताटात शेजारी शेजारी बसल्या म्हणून एकच समजल्या जातात.

खरा फरक पाण्याचा आहे. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्ध असतं आणि उरलेल्यात बहुतेक पाणी, तूप मात्र कढवून पाणी उडवलेलं, म्हणजे जवळपास शंभर टक्के स्निग्ध. मैद्याला थोडं पाणी मिळालं की त्यात चिकटपणा येतो, आणि बटरमधलं तेवढंसं पाणी गोळा एकत्र धरून ठेवायला पुरतं, म्हणून शॉर्टब्रेडचा गोळा लाटता येतो, साच्याने कापता येतो, कडा शाबूत राहतात. तुपाच्या पिठाला तो आधारच नाही. ते लाटायला घ्या, कडेने फाटतं, आणि गरम झालं की पसरतं. पण याच कारणाने नानखटाई अशी भुसभुशीत होते की बोटाने जरा दाबली तर भुगा, म्हणजे तिचा जो दोष तोच तिचा गुण, फक्त तिला चांदणी व्हायला सांगू नका, तळहातावर गोल वळून मधे चारोळी किंवा पिस्ता दाबायचा एवढंच तिचं काम.

दुसरा फरक सोड्याचा. अस्सल शॉर्टब्रेडमध्ये फुगवणारं काहीच नसतं, एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, वजनाने, बस. 100 ग्रॅम साखर, 200 बटर, 300 मैदा असं लक्षात ठेवा. नानखटाईत चिमूटभर सोडा लागतो, बरेच जण त्याला जागं करायला चमचाभर दहीही घालतात, त्यातून गॅस सुटतो, गोळा वर येतो, बाजूला पसरतो आणि वरून तडकतो. त्या भेगा म्हणजे नानखटाईची ओळख. शॉर्टब्रेडला भेग पडली तर मात्र काहीतरी बिघडलंय. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा सढळ हात तुपासाठी ठेवा, सोड्यासाठी नको.

मग बेसन आणि रवा. मी 200 ग्रॅम मैद्याला 50 बेसन, दोन चमचे रवा, 125 पिठीसाखर आणि 150 तूप धरते, वर वेलची आणि जायफळ. बेसनाने खमंगपणा येतो, रव्याने किंचित कुरकुरीतपणा. शॉर्टब्रेडला यातलं काही नाही, तिथे नुसती बटरची चव, म्हणून बटर चांगलं हवं, आणि आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं त्यामुळे वेगळं मीठ घालू नका.

भाजणंही वेगळं. नानखटाईला 170-180 अंश, खालून बदामी झाली की काढायची, गरम असताना मऊच लागते, घाबरून अजून ठेवू नका. शॉर्टब्रेड 150-160 वर निवांत, आणि रंग जवळपास येऊच द्यायचा नाही. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा नानखटाईचं साहित्य घेऊन बेकरीत जायचं, पाव काढून झाले की उतरत्या भट्टीत आपले ट्रे लागायचे, आणि घरी येईपर्यंत निम्मा डबा पोरांनी संपवलेला असायचा. अजूनही काही बेकऱ्या भाजून देतात, विचारून बघा.

घराणीही वेगळी आहेत. शॉर्टब्रेड स्कॉटलंडची, तिथे नाताळइतकीच ती नव्या वर्षाची, 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर पहिला पाहुणा घरात पाऊल टाकतो तो ती घेऊन येतो अशी जुनी रीत. नानखटाई सुरतेची, डच लोकांची बेकरी पारशी माणसाकडे आली आणि तिथून ती निघाली असं सांगतात. आपल्याकडे दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, नाताळ, सगळीकडे ती चालते.

आता बटर नाहीच आणि पोरं साचे घेऊन बसलीच आहेत तर काय? 100 ग्रॅम बटरच्या जागी 80 ग्रॅम तूप आणि वरून तीन-चार चमचे थंड दूध, तेही चमच्याचमच्याने, गोळा जमेपर्यंतच. सोडा अजिबात नाही. कापल्यावर ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये, मग भाजायचं. बटरइतक्या धारदार कडा येत नाहीत पण झाड झाडासारखं दिसतं. उलटी अदलाबदल, म्हणजे बटरची नानखटाई, मी तरी सुचवणार नाही, ती बिस्किट होऊन बसते.

आणि एक, आपल्या थंडीत तूप घट्ट रवाळ होतं, ते वितळवून घालू नका, घट्टच घ्या आणि साखरेबरोबर पांढरं हलकं होईपर्यंत फेसा, हात दुखतील, पण अर्धी नानखटाई तिथेच होते. बटरला मात्र एवढं फेसायचं नाही, साखरेत मिसळलं की पुरे, नाहीतर हवा भरते आणि कापलेल्या आकाराच्या कडा परत ढिल्या पडतात.