हलकी, मोठ्या कॅलिबरची बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल : निवड

साधारण साडेआठ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक कॅलिबरची, प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे-पुढे करून भरावी लागणारी आणि दुर्बीण वगळता साडेतीन किलोच्या आसपास वजन असणारी रायफल या नावाने ओळखली जाते. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतील व्यास. ही वर्गवारी कायद्यातील नाही. बंदुका घडवणारे कारागीर आणि त्या वापरणारे यांच्या बोलण्यातून ती रुळली आहे. अलास्कातील तपकिरी अस्वल आणि आफ्रिकेतील रानम्हैस ही तिची नेहमीची जनावरे होत. तेथे शिकाऱ्याला दिवसाकाठी वीस-वीस किलोमीटर चालावे लागते आणि खांद्यावरचा प्रत्येक पाव किलो संध्याकाळपर्यंत जाणवतो. सोलापूर जिल्ह्यात अशा शिकारीला कायद्याने वाव नाही. तरीही वारसाहक्काने आलेल्या जुन्या रायफली, रानडुकरांनी केलेली पिकांची नासाडी आणि अधूनमधून निर्माण होणारी बिबट्याची भीती यांमुळे ‘कोणती रायफल घ्यावी’ हा प्रश्न येथेही विचारला जातो.

पूर्वपीठिका : आजच्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलींचा साचा जर्मनीतील पाउल माउझर यांच्या १८९८ च्या लष्करी रायफलीवरून आला आहे. त्या रचनेत बोल्टच्या बाजूला एक लांब पोलादी नखी असते. मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) वर येणाऱ्या काडतुसाची कड ती सुरुवातीलाच पकडते आणि रिकामे टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही, त्यामुळे रायफल तिरकी वा उलटी धरली तरी काडतूस निसटत नाही. १९०५ मध्ये बर्लिनचे बंदूक-कारागीर ओटो बॉक यांनी ९.३×६२ (गोळीचा व्यास आणि टरफलाची लांबी, मिलिमीटरमध्ये) हे काडतूस काढले. ते नेहमीच्या लांबीच्या माउझर रचनेत बसत असल्याने आफ्रिकेतील वसाहतींमध्ये साध्या शेतकऱ्यालाही परवडले. लंडनच्या रिग्बी कंपनीचे .४१६ (असे आकडे इंचांतले) हे १९११ चे आणि हॉलंड अँड हॉलंडचे .३७५ मॅग्नम हे १९१२ चे. ही दोन्ही काडतुसे लांब असल्यामुळे त्यांना लांब आणि म्हणून जड यंत्रणा लागते. भारतात जिम कॉर्बेट यांच्याकडील .२७५ रिग्बी ही रायफल प्रसिद्ध आहे. पण ती ७ मिलिमीटरची म्हणजे लहान कॅलिबरची होती, हे मोठ्या आकड्यांचे आकर्षण असणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. सोलापूर परिसरात संस्थानी काळातील शस्त्रे पाहायची असतील तर अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार हे त्याचे ठिकाण होय.

वजन आणि धक्का : निवडीचा सारा गुंता येथेच आहे. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. संवेग ठरलेला असल्याने रायफल हलकी झाली की तिचा मागे येण्याचा वेग वाढतो आणि खांद्यावर बसणारी ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. .३७५ मॅग्नमची ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने सुटते. दुर्बिणीसह साडेचार किलोच्या रायफलीतून ती उडवली तर रायफल सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जा साधारण ५५ ज्यूल भरते. तेच काडतूस साडेतीन किलोच्या रायफलीत घातले तर वेग ६.४ मीटरच्या आणि ऊर्जा ७० ज्यूलच्या आसपास जाते. तुलनेसाठी, त्याच साडेतीन किलोच्या रायफलीतून .३०-०६ हे सर्वत्र चालणारे काडतूस उडवले तर धक्का सुमारे ३० ज्यूलचा असतो.

केवळ ऊर्जेच्या आकड्यावरून धक्क्याची खरी कल्पना येत नाही. जड रायफल खांदा ढकलते, हलकी रायफल खांद्यावर आपटते; हा फरक वेगाचा आहे. दोन-चार बार झाले की शरीर त्या आपटण्याची वाट पाहू लागते, चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, मनगट आवळले जाते आणि गोळी भलतीकडे जाते. ही सवय एकदा जडली की मोडायला महिने लागतात. जखमी होऊन झाडीत शिरलेले जनावर हे बहुतेक वेळा कॅलिबर अपुरे पडल्याचे नसून नेम हलल्याचे फळ असते, आणि त्या जनावराच्या यातनांची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावरच राहते.

म्हणूनच प्रस्तुत लेखकाच्या मते हलकेपणा शोधायचा तो दस्त्यात (खांद्याला टेकणाऱ्या, नळी धरून ठेवणाऱ्या भागात) नव्हे, आधी काडतुसात शोधावा. ९.३×६२ ची २८६ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७२० मीटरने जाते. तिची नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा .३७५ पेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने कमी असते. पण साडेतीन किलोच्या रायफलीत तिचा धक्का ५० ज्यूलच्या आत राहतो. म्हणजे एक किलो ओझे उतरूनही खांद्यावर साडेचार किलोच्या .३७५ पेक्षा कमीच मार बसतो. आखूड यंत्रणेमुळे रायफलीचे वजन घटते ते वेगळेच. हेच तत्त्व .३५ व्हेलन या काडतुसाला लागू पडते. २००७ मध्ये आलेले .३७५ रुगर हे काडतूसही .३०-०६ च्या लांबीच्या यंत्रणेत बसते. मात्र त्याची ताकद जुन्या.३७५ इतकीच असल्याने धक्क्यात सवलत मिळत नाही, केवळ लांबी वाचते. साडेतीन किलोच्या आत .४१६ किंवा .४५८ मागणे म्हणजे कधीच नीट सराव होणार नाही असे हत्यार विकत घेणे होय.

वजन कोठून घटते : अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता साधारण एक किलोचा असतो, कार्बन तंतूंचा दस्ता त्याच्या निम्म्या-पाऊण वजनात होतो. सर्वांत मोठी बचत येथेच होते आणि ती सर्वांत निर्धोकही आहे, कारण असा दस्ता पावसाने फुगत नाही व उन्हाने वाकत नाही. लाकडी दस्ता कोरड्या उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि नळीवर दाब देऊन नेम सरकवतो. सोलापूरसारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या वर जातो आणि जूनमध्ये हवा एकदम बदलते, हा फरक एकाच महिन्यात अनुभवाला येतो. नळी पाच सेंटिमीटरने आखूड केल्यास जेमतेम पन्नास ग्रॅम वाचतात, गोळीचा वेग सेकंदाला बारा-पंधरा मीटरने घटतो आणि नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट डोळ्यांच्या जवळ येतो. तरी पंचावन्न सेंटिमीटरची नळी झाडीतून नेताना सोयीची पडते. बाहेरचा घेर तोच ठेवून आतील व्यास वाढवला की धातू आपोआप कमी होतो, त्यामुळे मोठ्या कॅलिबरची नळी मुळातच थोडी हलकी असते. पातळ नळी मात्र लवकर तापते आणि तिसऱ्या-चौथ्या बारानंतर गोळ्या विखरू लागतात. उन्हात ठेवलेली काडतुसेही दाब वाढवतात. भारत आणि आफ्रिकेसाठी इंग्लिश कारखाने कॉर्डाइटचे (त्या काळच्या धूरविरहित दारूचे) प्रमाण कमी केलेली उष्ण प्रदेशाची काडतुसे वेगळी भरत, त्याचे कारण हेच.

जेथे वजन वाचवू नये अशाही जागा आहेत. दस्त्यात धक्का अडवणारा पोलादी आधार आणि आडवा बोल्ट नसेल तर मोठ्या कॅलिबरचा लाकडी दस्ता मनगटाच्या जागी चिरतो. दुर्बिणीचे कडे हलके घेतले तर ते सुटते. दुर्बीण, कडी, पट्टा आणि चार काडतुसे मिळून पाऊण ते एक किलोची भर पडते, हे जाहिरातीतील वजन वाचताना विसरले जाते. दुर्बिणीचे डोळ्यापासूनचे अंतर निदान ९ ते १० सेंटिमीटर हवे. त्याहून कमी असल्यास धक्क्याने कडा भुवईवर बसून अर्धचंद्राकृती जखम होते. नळीच्या तोंडाला झडप (वायू बाजूला वळवणारा मझल ब्रेक) बसवून धक्का बराच घटवता येतो, पण शिकारी रायफलीचा आवाज मुळातच १४० डेसिबलच्या धोकादायक मर्यादेपलीकडचा असतो आणि झडपेने तो शेजारच्या माणसाच्या कानाकडे वळतो.

अंगाला बेतणे : रायफल हातात घेऊन पारखावी. डोळे मिटून ती खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) मागच्या खाचेच्या मधोमध न दिसता मान ताणावी लागत असेल तर तो दस्ता आपल्या अंगाचा नव्हे. मग रिकाम्या रायफलीची बोल्टची मूठ झटक्यात वर उचलून पूर्ण मागे ओढावी आणि दस्ता खांद्यावरून न काढता पुढे ढकलावी. बोल्ट अर्धवट मागे ओढला तर मागचे टरफल बाहेर पडत नाही व पुढचे काडतूस अडकते, म्हणून दरवेळी मूठ शेवटपर्यंत जाते की नाही हे पाहावे. सराव .२२ रायफलीवर करावा आणि मोठ्या कॅलिबरचे बार एका बैठकीत पाच-सहांहून अधिक उडवू नयेत.

सोलापूर जिल्हा आणि कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या किंवा पिकांची हानी करणाऱ्या जनावराबाबत अधिकृत लेखी आदेशाखेरीज बार उडवता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याला वांगी परिसरात ठार करण्यात आले, ते अशाच आदेशान्वये. बिबट्या हा पन्नास-साठ किलोचा प्राणी आहे आणि त्याच्याशी गाठ पडते ती अगदी जवळून. रानडुक्करही मोठ्या कॅलिबरची गरज पडावी इतके मोठे नसते. या जिल्ह्यातील कोणत्याही जनावरासाठी .३७५ लागत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. येथील भूभाग सपाट माळरानाचा आहे, चुकलेली गोळी कित्येक किलोमीटर जाते आणि दहा फूट उंच उसाच्या फडात पलीकडे ऊसतोड कामगार किंवा मेंढपाळ आहे की नाही हे दिसत नाही. मागे मातीचा उंचवटा नसेल तर बार उडवू नये.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. परदेशी रायफलींची आयात नामांकित नेमबाज वगळता जवळपास बंद असल्याने मोठ्या कॅलिबरच्या रायफली जुन्या परवानाधारकांकडूनच हस्तांतरित होतात. .३०३ हे लष्करी कॅलिबर नागरिकांना निषिद्ध असल्याने भारतीय आयुध कारखान्यांनी .३१५ ही पाच काडतुसांची बोल्ट-ॲक्शन रायफल बाजारात आणली आणि आजही परवानाधारकांच्या घरी प्रामुख्याने तीच आढळते. सोलापूरच्या बाबतीत आणखी एक अट महत्त्वाची आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याच्या, म्हणजे नान्नज परिसराच्या, दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची नोंदणी करावी लागते. त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही आणि परवानगीविना अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. काळवीट, लांडगा आणि माळढोक यांचे हे माळ राखणाऱ्या या अटी रायफल घेण्याच्या कितीतरी आधी वाचून ठेवाव्यात.

निवडणुकांच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. जमा करण्यापूर्वी बोल्ट काढून नळीतून तेलाचा पातळ फडका फिरवावा, दुर्बीण उतरवून घरी ठेवावी आणि शस्त्राचा क्रमांक पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. परत मिळाल्यावर तेल पुसून, नळी उजेडाकडे धरून आतले पिळदार आटे स्वच्छ दिसतात याची खात्री केल्याखेरीज त्यात काडतूस घालू नये.