येशू येणार म्हणून काम सोडायचं?

"येशू लवकरच येणार, मग नोकरी-धंद्यात जीव कशाला अडकवायचा?" असा फॉरवर्ड सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांतही फिरतो. कधी सोबत तारीखसुद्धा असते.

तारखेचं आधी उरकू. तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं येशूच सांगतो (मत्तय २४:३६). तरी अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी येशूच्या येण्याची तारीख म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ धरून ठेवली, रेडिओवरच्या हॅरॉल्ड कॅम्पिंग या उपदेशकाने २१ मे २०११. दोन्ही दिवस आले नि गेले. कॅम्पिंगवर विसंबून काहींनी आयुष्याची पुंजी जाहिरातींत घातली, ती गेलीच.

खरा घोळ काम सोडण्याचा, आणि तो जुनाच आहे. 'प्रभूचा दिवस' म्हणजे येशूच्या परत येण्याचा दिवस 'आलाच' अशा आवया थेस्सलनीका या जुन्या ग्रीक शहरातही उठल्या होत्या. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत काही जण हातावर हात ठेवून बसलेले, वर दुसऱ्यांच्या घरात लुडबूड. येशूचा प्रेषित पौल याने त्यांना पत्रात सरळ सुनावलं: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये (२ थेस्सल. ३:१०). लिहिणारा स्वतः तंबू बनवून पोट भरणारा. टॉवेलच्या मागावर तुटलेला धागा गाठणाऱ्या आपल्या कामगाराला हे समजावून सांगावं लागत नाही. (आजारी किंवा काम न मिळालेल्या माणसाच्या तोंडावर मात्र हे वचन फेकू नका. ते कामचुकारांसाठी आहे.)

मग येशू 'जागे राहा' म्हणतो, ते म्हणजे काय? मत्तय २४-२५ वाचा: घरच्यांना वेळेवर जेवण देणारा दास, भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची नि कैद्याची विचारपूस. सिव्हिलमध्ये दाखल असलेल्या शेजाऱ्याला डबा पोचवणं त्यात नक्की बसतं.