हेल्मेटवरचा कॅमेरा आणि १४ दिवसांची मुदत

ब्रिटनमधल्या सायकलस्वारांकडे कॅमेरे आधी आले. त्यांचं फुटेज घ्यायला पोलिस बऱ्याच उशिरा तयार झाले. यूट्यूब २००५ साली सुरू झालं. २००९च्या अखेरीस गोप्रोचा एचडी कॅमेरा बाजारात आला आणि कामावर जाता-येता खेटून गेलेल्या गाड्यांच्या क्लिप नेटवर दिसू लागल्या. त्यावर भांडणं भरपूर झाली, खटले मात्र थोडे.

याचं एक कारण कायद्यात आहे. अपघात झालेला नसेल, तर निष्काळजी ड्रायव्हिंगबद्दल खटल्याची पूर्वसूचना गाडीच्या नोंदणीकृत मालकाला १४ दिवसांत जावी लागते. ही अट १९८८च्या कायद्यातली. फुटेज तपासायचं, मालक शोधायचा, नोटीस धाडायची, हे सगळं त्यात बसवायचं म्हटल्यावर बाराव्या दिवशी आलेली उत्तम क्लिपही बहुधा वायाच जाते.

कलाटणी मिळाली २०१६मध्ये. बर्मिंगहॅमच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी साध्या वेशातला पोलिस कॅमेऱ्यासह सायकलवर पाठवला. कोणी खेटून ओव्हरटेक केलं, की तो पुढच्या सहकाऱ्याला वायरलेसवर कळवायचा. अडवलेल्या चालकाला जमिनीवर चटई अंथरून सायकलपासून राखायचं दीड मीटर अंतर म्हणजे किती ते दाखवलं जायचं. नॉर्थ वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ही त्याच वर्षी सुरू झालं: फुटेज आणि जबाब थेट ऑनलाइन. पुढच्या वर्षी ते वेल्सभर गेलं, नंतर इंग्लंडमधल्या अनेक पोलिस दलांनी उचललं.

हायवे कोडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या रस्ता-नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, तेव्हा दीड मीटर हा आकडा नव्हता. तो २९ जानेवारी २०२२ला आला, ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगासाठी. तो मोडणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, पण कोर्टात निष्काळजीपणा दाखवायला उपयोगी पडतो. फोनचं प्रकरण सोपं, कारण अंतर मोजावं लागत नाही. गाडी चालवताना हातात फोन दिसला की २०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ दंडगुण; असे गुण साठत गेले की लायसन्स जातं. दिग्दर्शक गाय रिची यांच्या नावावर आधीच ९ गुण होते. एका सायकलस्वाराच्या चित्रणामुळे २०२०मध्ये त्यांचं लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं.

फुटेज बाद होतं ते बहुतेक साध्या कारणांनी. रुंद कोनाच्या भिंगात गाडी प्रत्यक्षापेक्षा लांब दिसते, म्हणून अंतराचा अंदाज यावा यासाठी रस्त्यावरचे पट्टे फ्रेममध्ये हवेत. रात्री शटर मंदावतो आणि नंबरप्लेट फरफटते. अशा वेळी नंबर तोंडाने मोठ्याने म्हटलेला बरा, आवाजही रेकॉर्ड होतो. मार्च-ऑक्टोबरमध्ये घड्याळं बदलतात, पण कॅमेऱ्याचं घड्याळ कोणी बदलत नाही. मग जबाबातली वेळ आणि क्लिपवरची वेळ तासाने चुकते. ३२ जीबीच्या कार्डावर १०८०पी चित्रण, सेकंदाला १५ मेगाबिटच्या दराने, साडेचार तासांच्या आसपास मावतं. लूप, म्हणजे कार्ड भरल्यावर जुन्यावरच नवं रेकॉर्ड करण्याची सोय, चालू असेल तर त्यानंतर जुनं पुसलं जातं. म्हणून फाइल त्याच संध्याकाळी उतरवावी.

क्लिप कापूही नये. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा साधारण एकेक मिनिट सहसा मागितला जातो, आणि त्यात सायकलस्वाराने स्वतः सिग्नल तोडलेला दिसला तर कारवाई त्याच्यावरही होऊ शकते. प्रकरण चालू असेपर्यंत ती क्लिप नेटवर टाकू नका, टाकली असेल तर काढा, असं पोलिस सांगतात. बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळू नये एवढ्यासाठी.