दवाखान्याचा दर्जा मोजण्याचा इतिहास: इंग्लंडच्या फॅमिली डॉक्टरांची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला स्वतःचा दर्जा दर्शनी भागात लावावा लागतो. ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘सुधारणा आवश्यक’ आणि ‘अपुरा’ अशा चार श्रेणींपैकी एक तेथे लिहिलेली असते. हे नियम अलीकडचे आहेत, परंतु त्यांच्यामागचा प्रश्न जुना आहे: बंद दाराआड डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात जे घडते, त्याची पारख बाहेरच्या माणसाने कशी करावी? गेल्या पाऊण शतकात या प्रश्नाची अनेक उत्तरे देण्यात आली, आणि प्रत्येक वेळी त्या काळी जे मोजता येण्यासारखे होते तेच प्रामुख्याने मोजले गेले.

1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांची नावे डॉक्टरांच्या यादीवर चढली आणि डॉक्टरांना माणशी ठरावीक रक्कम मिळू लागली. 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा ही सोय सर्व नागरिकांना लागू झाली. यादीत किती नावे आहेत हे सरकारला ठाऊक असे, पण त्या नावांच्या माणसांना कशी वागणूक आणि कसे उपचार मिळतात, हे पाहण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने ती उणीव प्रथम उघड केली. त्यांनी इंग्लंडमधील 55 दवाखान्यांना प्रत्यक्ष भेटी दिल्या आणि मार्च 1950 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला अहवाल प्रसिद्ध केला. औद्योगिक शहरांतील दवाखान्यांची स्थिती त्यांना सर्वांत वाईट आढळली. तेथे गर्दी इतकी आणि साधने इतकी तुटपुंजी होती की रुग्णाची नीट तपासणी करणेच शक्य नव्हते. ग्रामीण भागात त्यांना तुलनेने बरे काम दिसले. या अहवालाने डॉक्टरांचा मोठा वर्ग दुखावला, तरी 1952 मध्ये फॅमिली डॉक्टरांचे स्वतंत्र ‘कॉलेज’, म्हणजे त्यांची व्यावसायिक संस्था, स्थापन होण्यास जी अस्वस्थता कारणीभूत ठरली, तीत या अहवालाचा वाटा होता. पुढे 1966 च्या करारानुसार कर्मचाऱ्यांच्या पगाराचा 70 टक्के भार सरकारने उचलला, जागेच्या भाड्याचीही तरतूद झाली, आणि परिचारिका व स्वागतिका नेमणे साध्या दवाखान्यांच्याही आवाक्यात आले.

त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी एक मांडणी केली, जिच्यावर आजचे जवळजवळ सर्व मूल्यमापन उभे आहे. आरोग्यसेवेचा दर्जा तीन बाजूंनी तपासावा, असे त्यांचे म्हणणे होते: रचना, म्हणजे जागा, साधने व माणसे, प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्ष केलेली तपासणी व उपचार, आणि परिणाम, म्हणजे रुग्णाचे पुढे काय झाले. कॉलिंग्ज यांनी पाहिले ते बहुतांशी पहिल्या बाजूचे होते. परिणाम मोजणे फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत विशेष कठीण असते, कारण रक्तदाबावर आज दिलेल्या गोळीचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते, आणि तेही न आलेल्या झटक्याच्या रूपाने.

परिणाम मोजण्याची ही कठीण वाट एका डॉक्टराने स्वतः चालून दाखवली. वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावी ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी यादीतील सर्व प्रौढांचा रक्तदाब नियमितपणे मोजण्याचा परिपाठ ठेवला, तक्रार घेऊन न येणाऱ्यांचाही शोध घेतला आणि आपल्याच नोंदींची वर्षानुवर्षे उलटतपासणी केली. पंचवीस वर्षांच्या या कामाचा आढावा 1991 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत तेथील अकाली मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. जेथे गरज सर्वाधिक तेथेच चांगली सेवा सर्वांत दुर्मीळ असते, हा ‘व्यस्त सेवेचा नियम’ त्यांनीच 1971 मध्ये मांडला होता. दोन दवाखान्यांची तुलना करताना तो विसरला, तर श्रीमंत वस्तीतील डॉक्टरला केवळ त्याच्या पत्त्यामुळे श्रेय मिळते.

रुग्णांचे प्रेम हा निकष किती फसवा ठरू शकतो, हे हॅरल्ड शिपमन प्रकरणाने दाखवले. हाइड या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरवर रुग्णांचा विश्वास होता. जानेवारी 2000 मध्ये तो 15 खुनांबद्दल दोषी ठरला, आणि 2002 च्या चौकशी अहवालात बळींची संख्या 215 नोंदवली गेली. या धक्क्यानंतर ‘डॉक्टर मंडळी आपापसांत पाहून घेतील’ ही भूमिका टिकणे शक्य नव्हते. डिसेंबर 2012 पासून प्रत्येक डॉक्टरच्या परवान्याची ठरावीक काळाने फेरपडताळणी सुरू झाली.

मधल्या काळात, एप्रिल 2004 मध्ये, जगात कोठेही झाला नव्हता एवढा मोठा प्रयोग झाला. 146 निर्देशक आणि 1050 गुण अशी योजना आखून दवाखान्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या गुणांशी जोडण्यात आला. मधुमेही रुग्णाची साखर आटोक्यात आहे का, दमेकऱ्याची वार्षिक तपासणी झाली का, अशा गोष्टींना गुण होते. तीन चतुर्थांश गुण मिळतील असा सरकारचा अंदाज होता, पण पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरासरी 950 हून अधिक गुण मिळवले. नोंदी सुधारल्या, संगणकाचा वापर वाढला, आणि हा लाभ खरा होता. तथापि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की दमा व मधुमेहाच्या सेवेतील सुधारणेचा वेग पुढे मंदावला, दमा व हृदयविकाराच्या सेवेतील ज्या बाबींना गुण नव्हते त्यांचा दर्जा घसरला, आणि तोच डॉक्टर पुन्हा भेटण्याचे प्रमाण योजना सुरू होताच कमी झाले. स्कॉटलंडने ही योजना 2016 मध्ये बंद केली.

वेळेच्या मोजमापाचा अनुभवही असाच आहे. 48 तासांत डॉक्टरची भेट मिळालीच पाहिजे, असे उद्दिष्ट ठरल्यावर अनेक दवाखान्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ आधी देणेच बंद केले, कारण आधी दिलेली वेळ हिशेबात बसत नव्हती. 2005 च्या निवडणुकीत दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात एका महिलेने ही अडचण सांगितली, तेव्हा पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना ती ऐकून आश्चर्य वाटले. हे उद्दिष्ट 2010 मध्ये रद्द झाले.

सध्याची श्रेणी देणारा सेवा-गुणवत्ता आयोग 2009 मध्ये कामाला लागला. 2013 पासून दवाखाने त्याच्या कक्षेत आले आणि पुढील वर्षी श्रेणी देणे सुरू झाले. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेनुसार तत्पर आहे का आणि दवाखान्याचे नेतृत्व सक्षम आहे का, हे पाच प्रश्न त्याचे निरीक्षक विचारतात. बहुसंख्य दवाखाने ‘चांगला’ याच श्रेणीत येतात. त्यामुळे धोकादायक दवाखाना ओळखण्यास ही पद्धत उपयोगी पडते, परंतु दोन चांगल्या दवाखान्यांतील फरक तिच्यातून फारसा कळत नाही.

आणि रुग्णांना जे सर्वांत आधी जाणवते, म्हणजे आपल्याला ओळखणारा, मागचे सगळे ठाऊक असलेला डॉक्टर, त्याला या श्रेणीत स्वतंत्र रकाना नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नऊ देशांतील 22 अभ्यास तपासण्यात आले, आणि त्यांपैकी 18 अभ्यासांत त्याच डॉक्टरकडे सातत्याने जाणाऱ्या रुग्णांचे मृत्युप्रमाण कमी आढळले. कोणत्या रुग्णाला वर्षभरात किती वेगवेगळे डॉक्टर भेटले, ही मोजणी संगणकात नोंदवलेल्या भेटींवरून आज करता येते, आणि ग्लिनकॉरगमध्ये हार्ट ज्या ओळखीच्या बळावर काम करत होते तिच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा माझ्या मते हाच आहे.