मानद वैद्यकीय अध्यापक

स्वतःचा खासगी व्यवसाय सांभाळून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठरावीक वेळ रुग्ण तपासणारा आणि विद्यार्थ्यांना शिकवणारा डॉक्टर. मुंबईत त्याला ‘ऑनररी’ म्हणत. पगार नसे, फार तर नाममात्र मानधन. सकाळ वॉर्डात किंवा ओपीडीत जाई, संध्याकाळ स्वतःच्या दवाखान्यात.

मुंबईत या प्रथेला राजकारणाचीही बाजू होती. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेतल्या, अधिकाऱ्यांकडे असत. परळला १९२६ मध्ये शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. तिथे देणगीदारांनी अटच घातली होती, की अध्यापक पात्र भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. शहरात नाव कमावलेल्या भारतीय डॉक्टरांना त्यामुळे हक्काचे वॉर्ड मिळाले, विद्यार्थीही मिळाले.

शिकवणे मुख्यतः राउंडवर चाले. विद्यार्थ्याने हिस्टरी घ्यायची, म्हणजे रुग्णाला आजाराची हकिगत विचारायची, रुग्ण तपासायचा, केस मांडायची. मग सरांचे प्रश्न. मोठ्या रुग्णालयात आजार पुष्कळदा बळावल्यावरच येतो. तो सुरुवातीला कसा दिसतो, औषधाचा खर्च घराला झेपेल का, रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतो, हे दवाखाना चालवणाऱ्यालाच नीट ठाऊक असते. मात्र बाहेरच्या प्रॅक्टिसची घाई असली की राउंड आटोपता होई आणि शिकवण्याचा भार निवासी डॉक्टरांवर पडे. पूर्णवेळ पदे वाढली तशी ही पद्धत मागे पडत गेली.

विद्यार्थ्याला दवाखान्यात बसवून घेणाऱ्या आजच्या डॉक्टरांपुढेही प्रश्न वेळेचाच आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची रीत त्यांच्या सोयीची आहे : विद्यार्थ्याला आधी त्याचे निदान विचारायचे, मग त्याचा आधार; त्यानंतर एकच सर्वसाधारण नियम सांगायचा, बरोबर काय झाले ते सांगायचे आणि चूक दुरुस्त करायची. यातली पहिली पायरीच सर्वांत अवघड, कारण अनुभवी डॉक्टरच्या तोंडून उत्तर आधीच निसटते. विद्यार्थी समोर बसणार असेल तर रुग्णाची परवानगी हवीच, ‘चालेल ना?’ असे तपासणी सुरू झाल्यावर विचारणे म्हणजे परवानगी नव्हे.

भारतात २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणाऱ्या, एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याची रुग्णांशी गाठ घालून दिली जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काढावे लागतात. तिथे त्यांना शिकवतात ते रोजची ओपीडी उरकणारे सरकारी डॉक्टर.