आंबेहळद म्हणजे कोवळी हळद नव्हे

हिवाळ्यात बडोद्याच्या खंडेराव मार्केटात ओल्या हळदीचे दोन ढीग शेजारी शेजारी लागतात, एक केशरी, एक फिकट. फिकट ती कोवळी, जमिनीत राहिली की तीच पिवळीधमक होते, असं आपल्या मराठी घरांत कित्येक वर्षं ऐकतोय. साफ चूक.

फिकट ती आंबेहळद, कुर्कुमा अमाडा. केशरी ती रोजची हळद, कुर्कुमा लोंगा. कूळ एक, जाती दोन. आंबेहळद कितीही जून झाली तरी आतून फिकटच राहते, कारण पिवळा रंग देणारं कर्क्युमिन तिच्यात नाममात्र असतं. मोडून हुंगा, कैरीचा वास आला की वाद मिटला.

कुंडीत मात्र दोन्हींची पानं फसवतात, म्हणून लावतानाच नाव लिहून ठेवा. जूनमध्ये डोळा असलेला तुकडा रुंद कुंडीत लावा, पाणी साचू देऊ नका. आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की काढा.

आपण आंबेहळद मुक्या मारावर उगाळून लावतो. गुजराती शेजारी तीच लिंबू-मीठ लावून जेवणात घेतात, आणि माझं मत त्यांच्याच बाजूने. काढ्यासाठी ती 'हळदच' समजून वापरण्यात अर्थ नाही. खऱ्या हळदीचा काढाही रोज पेलाभर नको: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. भाजीतली चिमूटभर हळद बिनधास्त घाला.