ऑटिझमचं दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडकतो

खासगी क्लिनिकच्या रिपोर्टवर ‘ऑटिझम’ लिहिलेलं असलं, तरी सरकारदरबारी ते प्रमाणपत्र धरत नाहीत. परीक्षेतल्या सवलती असोत की निरामय आरोग्य विमा, सक्षम सरकारी रुग्णालयाने दिलेलं दिव्यांग प्रमाणपत्रच लागतं. मात्र खासगी रिपोर्ट टाकून देऊ नका. तपासणीच्या दिवशी तो उपयोगी पडतो.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. त्याला फी नाही. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा एवढं पुरतं. सायबरवाल्याकडून भरून घेत असाल, तर सबमिट करण्याआधी तीन गोष्टी स्वतः वाचा. दिव्यांगत्वाच्या प्रकारात ‘स्वमग्नता’ (म्हणजेच ऑटिझम) निवडलंय ना? घाईत ‘बौद्धिक अक्षमता’वर क्लिक होतं आणि मूल भलत्याच तपासणीला जातं. दोन्ही असतील तर दोन्ही नोंदवा. नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आणि पत्ता: अर्ज पुराव्यावरच्या पत्त्याच्या जिल्ह्यात जातो. राहायला पुण्यात आणि आधार लातूरचं, अशी घरं इथेच अडकतात. मूल पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात उपचार घेत असेल तर तिथे अर्ज करता येतो, पण केसपेपर हवा.

पावती मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. पावतीवरचा एनरोलमेंट नंबर शाळेत दाखवून उपयोग नाही. दिव्यांग हक्कांच्या 2024 च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे (आधी एक महिना होती, म्हणजे प्रगतीच म्हणायची). दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, तेव्हा प्रमाणपत्र हातात असावं लागतं. म्हणून अर्ज नववीतच करून टाका.

खरी अडचण तपासणीच्या दिवशी येते. ऑटिझम मोजायला आयएसएए ही भारतीय मापनश्रेणी वापरतात: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70 च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. 70 ला 40 टक्के दिव्यांगत्व, 71 ते 88 ला 50 टक्के, अशी चढण. 158 च्या वर 100 टक्के. बहुतेक सवलतींची रेषा 40 टक्क्यांवर आहे. हे गुण मुलाकडे बघून आणि पालकांना विचारून दिले जातात, आणि पालक नेमके तिथेच मुलाची बाजू सावरतात. ‘बोलतो ना, टीव्हीवरच्या सगळ्या जाहिराती पाठ आहेत!’ ऐकलेलं तसंच्या तसं म्हणत राहणं हा त्या 40 मुद्द्यांपैकीच एक आहे. ‘मला पाणी’ऐवजी ‘तुला पाणी’ म्हणणं, बोलणं सुरू करता किंवा पुढे नेता न येणं, हेही त्यात येतं. कौतुक घरी करा; इथे ‘कधीकधी’ की ‘बहुतेक वेळा’ एवढंच नेमकं सांगा. वाढवूनही सांगू नका, लगेच कळतं.

सिव्हिलमधल्या गर्दीत मूल एकतर गप्प बसतं किंवा कोलमडतं, आणि डॉक्टरांना तेवढंच दिसतं. म्हणून घरातले आणि वर्गातले छोटे व्हिडिओ, वर्गशिक्षकांचं पत्र, थेरपीच्या नोंदी सोबत न्या. मूल चित्रकार्डांनी किंवा टॅबलेटने बोलत असेल तर तेही न्या. आधी फोन करून तपासणीचं वैद्यकीय बोर्ड कोणत्या वारी बसतं आणि मानसोपचारतज्ज्ञ व क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघंही असतील का, हे विचारा. नाहीतर दिवस फुकट.

प्रमाणपत्रावर टक्के असतात, पण मुलाला काय मदत हवी ते नसतं. चित्रकार्ड, जादा वेळ, शांत खोली, लेखनिक यांतलं काय लागतं, याचं स्पीच थेरपिस्टचं किंवा सायकॉलॉजिस्टचं पत्र वेगळं घ्या आणि शाळेला लेखी अर्जासोबत द्या.

लहान मुलांच्या प्रमाणपत्रावर बऱ्याचदा मुदत लिहिलेली असते. ती तारीख कुणी वाचत नाही आणि ऐन परीक्षेच्या वर्षी कागद निकामी ठरतो.

अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. ‘बसत नाही’ असं तोंडी ऐकून परतू नका. निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत अपील करता येतं. नव्याने अर्ज करण्यापेक्षा आधी तो लेखी नकार हातात घ्या, कारण त्याशिवाय अपिलात काय खोडायचं तेच कळत नाही.